माणिकबागेतली खुर्ची आणि तिची खोली

माणिकबागेत मी पहिल्यांदा गेलो तो इतिहासासाठी नव्हे, एक्साइजच्या कागदांसाठी. पीथमपूरच्या एका कारखान्यात तेव्हा मी मेंटेनन्सला होतो. कागदपत्रं बघणारा आमचा सहकारी रजेवर होता, म्हणून फाइल माझ्या हातात देऊन साहेबांनी मला पिटाळलं. ऑफिस माणिकबाग पॅलेसमध्ये आहे एवढंच ठाऊक होतं. इंदूरकराला 'पॅलेस' म्हटलं की राजवाडा नाहीतर लालबाग आठवते, म्हणून मी कमानी आणि झुंबरं शोधत होतो. दिसली ती साधी, सरळ रेषांची इमारत, आत लोखंडी कपाटं आणि फायलींचे गठ्ठे. शिक्का मिळाला, मी परत आलो. घरी वडिलांना म्हटलं, "हा कसला राजवाडा? हे तर पीडब्ल्यूडीचं ऑफिस वाटतं." वडील हसले. म्हणाले, "तिथल्या खुर्च्या बघायला हव्या होत्यास."

त्या खुर्च्या मी पुढे पाहिल्या, पण पुस्तकांत. आणि त्या पाहता पाहता एक प्रश्न मागे लागला, तो अजून सुटलेला नाही. खुर्ची गेली आणि खोली राहिली, तर वारसा कुठे राहिला? खुर्चीत की खोलीत? आपल्या मंडळात हा विषय दोन-तीनदा निघाला, आणि दरवेळी चर्चा 'महाराजांची हौस' किंवा 'फॉरेनवाल्यांनी सगळं नेलं' इथे येऊन थांबली. माझ्या मते दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. का, ते या लेखात सांगतो.

आधी थोडी हकिकत

यशवंतराव होळकर दुसरे यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे यांना बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागली, आणि हा मुलगा गादीवर आला. पूर्ण अधिकार मिळाले १९३० मध्ये. मधली वर्षं ऑक्सफर्डच्या शिक्षणात गेली. तिथेच त्यांची ओळख एकार्ट म्यूथेसियस या जर्मन तरुण आर्किटेक्टशी झाली. म्यूथेसियस १९०४ चा, म्हणजे दोघेही ऐन पंचविशीच्या आसपास. महाराणी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. या तिघा तरुण माणसांनी मिळून माणिकबाग ठरवली असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

१९३० ते १९३३ या काळात वाडा उभा राहिला. प्लॅन इंग्रजी 'यू' अक्षरासारखा, मधली मोकळी बाजू बागेकडे. दारं-खिडक्या, दिवे, फिटिंग्ज जर्मनीत तयार होऊन जहाजाने मुंबईला आणि तिथून इंदूरला आली. एअर कंडिशनिंगही बसवलं गेलं. फर्निचर कुणाचं? पॅरिसच्या रुलमानचं मकासर एबनीचं टेबल, आयलीन ग्रेची 'ट्रान्सॅट' खुर्ची, ल कोर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ यांची लांब आरामखुर्ची (तीही बिबट्याच्या कातड्याने मढवलेली), लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांचे धातू आणि काचेचे पलंग, इव्हाँ दा सिल्वा ब्रूनचे गालिचे, प्यूफोर्काची चांदीची भांडी. शिवाय खुद्द म्यूथेसियसचं पुष्कळ फर्निचर. कलाविषयक सल्ला द्यायला आँरी-पिएर रोशे होता. त्याच्या ओळखीने ब्रांकुशीची 'बर्ड इन स्पेस' ही शिल्पं आली, एक ब्राँझचं, एक काळ्या संगमरवराचं आणि एक पांढऱ्या.

१९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदुरात येऊन गेला. या तीन शिल्पांसाठी एक ध्यानमंदिर बांधायचं घाटत होतं, ते झालं नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, म्यूथेसियसचा इंदूरशी संबंध तिथे संपला. १९६१ मध्ये यशवंतराव गेले. पुढे ब्रांकुशीचं ब्राँझ कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये आणि दोन्ही संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचले. फर्निचरचा लिलाव सदबीजने मे १९८० मध्ये माँटे कार्लोला केला. इमारत केंद्र सरकारच्या एक्साइज खात्याकडे गेली, आता तिथे जीएसटीचं ऑफिस आहे.

हकिकत एवढीच. पण ती नेहमी ज्या पद्धतीने सांगितली जाते, तिच्याशी माझं भांडण आहे.

आपण माणिकबाग नाही, फोटो पाहतो

माणिकबागेच्या आतले जे फोटो जगभर छापले जातात, त्यातले बहुतेक म्यूथेसियसनेच काढलेले आहेत. म्हणजे ज्याने घर बांधलं, त्यानेच त्याची तसबीर काढली. हे फोटो नीट पाहा. फारच सुंदर आहेत. पण त्यांत माणूस नाही. टेबलावर कागद नाही, खुर्चीवर कुणी टाकलेलं उपरणं नाही, दारात शिपाई नाही, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या नाही. घर राहायला तयार आहे, पण कुणी राहायला आलेलं नाही, अशा क्षणाचे ते फोटो आहेत. नवीन मशीन बसवल्यावर, प्रॉडक्शन सुरू व्हायच्या आधी, कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून जातो ना, तसे. तेल सांडलेलं नसतं, ऑपरेटर नसतो. कॅटलॉगसाठी ते ठीकच असतं. पण त्या फोटोवरून मशीन कसं चाललं ते कळत नाही.

दोष म्यूथेसियसचा नाही, त्या काळच्या आधुनिक आर्किटेक्चरचे फोटो असेच काढत. दोष आपला आहे. आपण त्या फोटोंनाच इतिहास मानलं. पॅरिसच्या डेकोरेटिव्ह आर्ट्सच्या म्युझियममध्ये २०१९ च्या सप्टेंबरपासून 'मॉडर्न महाराजा' नावाने मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही त्याच फोटोंची आवर्तनं झाली. त्यात इंदूर कुठे होतं? महाराजा होते, पॅरिस होतं, बर्लिन होतं. जिथे जून महिन्यात वळीव येतो, जिथे भिंतीवरून पाली फिरतात, जिथे साफसफाईला चार माणसं लागतात, ते इंदूर नव्हतं.

मला हवी आहे ती चाललेली माणिकबाग. दिवे कोण दुरुस्त करायचं? क्रोमच्या नळ्यांना पावसाळ्यात काय व्हायचं? महाराणींना त्या काचेच्या पलंगावर झोप लागायची का? हे प्रश्न खालच्या पातळीचे वाटतील, पण घराची परीक्षा यांनीच होते.

खुर्चीच्या हातात दिवा

आता फर्निचरकडे. माणिकबागेच्या लायब्ररीतल्या म्यूथेसियसच्या लाल खुर्च्या प्रसिद्ध आहेत. त्यांची गंमत अशी, की वाचायचा दिवा खुर्चीतच बसवलेला आहे. लिलावाच्या भाषेत ती 'दिवा असलेली खुर्ची'. इंजिनिअरच्या भाषेत मात्र ती एक लोड आहे. तिला वायर आहे, वायरला पॉइंट हवा, पॉइंटची जागा भिंत किंवा जमीन बांधतानाच ठरवावी लागते. म्हणजे ही खुर्ची खोलीत 'ठेवलेली' नाही, खोलीला 'जोडलेली' आहे. तिची जागा प्लॅनवर आहे.

म्यूथेसियसच्या घरातच हा विचार होता. वडील हर्मान म्यूथेसियस यांनी इंग्लंडमध्ये राहून तिथल्या घरांवर 'दास इंग्लिशे हाउस' हा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि १९०७ च्या जर्मन वेर्कबुंडच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. घर, भिंत, दिवा, दाराची कडी आणि खुर्ची ही एकाच डिझाइनची अंगं आहेत, असं त्या पंथाचं मानणं. मुलाने हे तत्त्व इंदुरात टोकाला नेलं.

म्हणून १९८० च्या लिलावाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. 'वस्तू परदेशात गेल्या' एवढंच माझं दुःख नाही. त्या वस्तू आल्याच होत्या परदेशातून. माझं म्हणणं असं, की लिलावाने खोलीचे लॉट पाडले. एक नंबर दिव्याला, एक नंबर खुर्चीला, एक पलंगाला. मशीनचे पार्ट सुटे करून विकले, की प्रत्येक पार्टला भाव येतो, कधीकधी अख्ख्या मशीनपेक्षा जास्त येतो. पण मशीन राहत नाही. आज संग्राहक अभिमानाने म्हणतो, "माझ्याकडे इंदूरची खुर्ची आहे." त्याच्याकडे इंदूरचा एक पार्ट आहे.

एका छपराखाली दोन पंथ

आता थोडी टीका माणिकबागेवरही करतो. आपल्या गावची म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

१९२९ हे पॅरिसच्या डिझाइनच्या जगात फुटीचं वर्ष. जुन्या डेकोरेटर मंडळींच्या संस्थेतून काही तरुण बाहेर पडले आणि त्यांनी 'यूनिअन ऑफ मॉडर्न आर्टिस्ट्स' काढली. सोन्यो, पेरियाँ, आयलीन ग्रे, प्यूफोर्का हे त्यातले. त्यांचं म्हणणं, की काळ स्टीलचा, काचेचा आणि मशीनचा आहे, वस्तू सर्वांसाठी बनवता आली पाहिजे. समोरच्या बाजूला रुलमान. तो उत्तम कारागिरीचा, महागड्या लाकडाचा, मोजक्या श्रीमंत गिऱ्हाइकांचा. चांगली वस्तू आधी श्रीमंतांसाठीच बनते, हा त्याचा उघड सिद्धांत.

माणिकबागेत हे दोन्ही पंथ एका छपराखाली आले. रुलमानच्या एबनीच्या टेबलावर महाराजांनी कागद पाहायचे आणि पेरियाँच्या आरामखुर्चीत पाय पसरायचे. पॅरिसमध्ये जे एकमेकांशी वाद घालत होते, ते इंदुरात शेजारी बसले. याला काही लेखक महाराजांच्या अभिरुचीची व्याप्ती म्हणतात. असेल. पण त्यामुळे दुसरीही एक गोष्ट घडली, ती कुणी म्हणत नाही. स्टीलच्या नळीची खुर्ची ज्या वादासाठी जन्मली होती, तो वाद इंदुरात पोचलाच नाही. सर्वांसाठी बनवायची म्हणून जिची घोषणा झाली, ती वस्तू इथे एकच प्रत, बिबट्याचं कातडं लावून, संस्थानिकाच्या खोलीत आली. कातडं लावलं तिथेच नळीचा मुद्दा झाकला गेला.

आणि काळ कुठला? १९३० ते ३३, जगभर मंदी. इंदूर गिरण्यांचं गाव. भोंग्यावर उठणारी हजारो माणसं मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या भोवती एकेका खोलीत राहत होती. त्यांच्या घरचं फर्निचर म्हणजे एक बाज, एक पेटी आणि खुंट्या. माणिकबाग बांधली म्हणून महाराजांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यात मला रस नाही. पण आधुनिकतेचा तो प्रयोग गावाच्या एकाही घराला लागला नाही, हे लिहून ठेवायला हवं. याच गावात १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिसने दोन खंडांचा अहवाल दिला होता. हा माणूस गल्लीबोळ पायी फिरला, विहिरी-नाले पाहिले, दिवाळीत स्वच्छतेची मिरवणूक काढवली. परका माणूस गावाला कसा भिडू शकतो, याचा तो नमुना. म्यूथेसियस भिडला तो एका कुटुंबाला.

मग प्रदेश कुठे आहे?

'रीजनल' हा शब्द आर्किटेक्ट मंडळी फार वापरतात. मला त्याचा सोपा अर्थ कळतो: उन्हाचं काय केलं, पावसाचं काय केलं, आणि मोडलं तर कोण दुरुस्त करणार.

आपला राजवाडा पाहा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत लाकडाचं काय झालं ते आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आग सोडली तर ती पद्धत माळव्याच्या हवेला ओळखून होती. जाड भिंत, चौक, पडवी. आणि फर्निचर? मराठी वाड्यात सुटं फर्निचर जवळजवळ नसतंच. बैठक म्हणजे गादी, लोड, तक्के. जेवायला पाट, पूजेला चौरंग, बसायला झोपाळा, तोही तुळईला टांगलेला. सामान ठेवायला कोनाडा आणि फडताळ, म्हणजे भिंतीतलंच कपाट. दिव्याची जागासुद्धा भिंतीत, दिवाळीत पणती ठेवतो तो कोनाडा.

आता गंमत बघा. म्यूथेसियसने दिवा खुर्चीत घातला, आणि आमच्या आज्यांनी भिंतीत. दोघांचं तत्त्व एकच, की वस्तू आणि इमारत वेगळी मानायची नाही. म्यूथेसियसने हे वाड्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही. तसा कुठलाही दुवा मला दिसत नाही, आणि ओढूनताणून असे दुवे जोडण्याची जी सवय आपल्या वारसाप्रेमी मंडळींना (मला धरून) लागली आहे, ती बरी नव्हे. एवढंच म्हणतो, की माणिकबाग समजून घ्यायला लालबाग उपयोगी नाही, वाडा उपयोगी आहे. लालबागेत युरोप सजावट म्हणून आला. झुंबरं, खांब, चित्रं काढून घेतली तरी लालबाग उभी राहते. वाड्यातून कोनाडे काढता येत नाहीत.

पण तत्त्व जुळलं तरी हवा जुळत नव्हती. पॉलिश केलेल्या स्टीलवरचा मुलामा पावसाळ्यात बारीक भोकांतून गंजतो. चामड्याला बुरशी धरते. एबनीसारख्या लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला असतो. मे महिन्याची कोरडी हवा आणि ऑगस्टची ओली हवा यांच्या ओढाताणीत असा पापुद्रा सुटतो. हे कुठल्याही जुन्या सुताराला विचारा. त्यामुळे माणिकबागेचं एअर कंडिशनिंग ही नुसती चैन होती असं मला वाटत नाही. माणसांइतकीच ती फर्निचरची गरज होती. जो माळवा आपल्या थंड रात्रींसाठी नावाजलेला, तिथे खिडक्या उघडून झोपायचं सोडून मशीन लावावं लागलं, कारण खोलीतल्या वस्तू इथल्या नव्हत्या. प्रदेश असा मागच्या दाराने आत आला, विजेच्या बिलातून.

दोन तुलना

माणिकबाग एकटीच पाहिली की ती एक तर चमत्कार वाटते नाही तर चूक. म्हणून दोन शेजारी ठेवून पाहू.

पहिला, पुदुच्चेरीचं गोलकोंडे. श्रीअरविंद आश्रमाचं हे वसतिगृह अंतोनिन रेमंड याने डिझाइन केलं. काम १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं आणि युद्धाच्या वर्षांत पूर्ण झालं. जागेवर राहून काम पाहणाऱ्यांत जॉर्ज नाकाशिमा होता, जो पुढे अमेरिकेत लाकडाच्या फर्निचरसाठी जगप्रसिद्ध झाला. इमारत काँक्रीटची, पण बाहेरच्या भिंतीच्या जागी फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या. ऊन आलं मिटा, वारा हवा उघडा. आत सागवानी सरकती दारं, आणि नाकाशिमाने केलेलं साधं सागवानी फर्निचर. काळ जवळजवळ माणिकबागेचाच, आर्किटेक्ट तिथेही परदेशी. पण बांधणारे हात तिथलेच, आश्रमातले. आज ती इमारत वसतिगृहच आहे आणि त्या खोल्यांत माणसं राहतात.

दुसरा, चंदीगड. पिएर जानरे, ज्याचं नाव माणिकबागेतल्या आरामखुर्चीवर आहे, तोच १९५० च्या दशकात चंदीगडला आला आणि १९६५ पर्यंत राहिला. त्याच्या ऑफिसने सरकारी कचेऱ्या, कॉलेजं, लायब्ररी यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या, उलट्या 'व्ही'सारख्या पायांच्या. स्थानिक सुतारांनी त्या हजारोंनी बनवल्या. पॅरिसमधल्या १९२९ च्या घोषणेत जे होतं, ते खरं तर इथे झालं: सर्वांसाठी, स्वस्त, दुरुस्त करता येण्याजोगं. आणि शेवट? खुर्च्या मोडल्या, गच्चीवर आणि आवारात ढीग लागले, भंगारात निघाल्या. परदेशी विक्रेत्यांनी त्या उचलल्या, पॉलिश केल्या आणि लिलावात उभ्या केल्या. २०११ मध्ये केंद्राच्या गृहखात्याने चंदीगडच्या या फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदीचा आदेश काढला, तोवर पुष्कळ माल गेला होता.

या तीन उदाहरणांतून मला दिसतं ते असं. माणिकबागेचं फर्निचर अनमोल म्हणून गेलं, चंदीगडचं कवडीमोल म्हणून गेलं, आणि गोलकोंडेचं राहिलं, कारण ते वापरात राहिलं. फर्निचर महाग की स्वस्त, परदेशी की देशी, यावर काही ठरलं नाही. ज्या कामासाठी खोली बांधली ते काम चालू राहिलं का, यावर ठरलं. माणिकबागेतलं काम १९३७ लाच अर्धं संपलं होतं. ज्या दोघांसाठी त्या खोल्या मापून केल्या, त्यातलं एक माणूस गेलं. वस्तू बाहेर पडायच्या कितीतरी आधी घर रिकामं झालं होतं. म्यूथेसियसचे निर्मनुष्य फोटो एका अर्थाने भविष्यवाणीच ठरले.

कायदा आणि आपण

"सरकारने अडवलं का नाही?" हा प्रश्न मंडळात नेहमी येतो. उत्तर कायद्यात आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू पुरावस्तू ठरायला साधारण शंभर वर्षं लागतात. १९८० मध्ये माणिकबागेच्या खुर्चीचं वय होतं पन्नास. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते जुनं फर्निचर होतं, बस. इमारतींच्या १९५८ च्या कायद्यातही शंभर वर्षांचीच अट आहे. विसाव्या शतकाच्या वारशाचा घोळ हा आहे: तो जुना ठरेपर्यंत टिकत नाही, आणि टिकवायचा म्हटलं तर तो जुना नाही.

पण हेही पाहा. माणिकबागेची शंभर वर्षं २०३० ते २०३३ मध्ये भरतात. त्या दिवशी आपल्या हातात काय असेल? पॅरिस, पॅसाडीना, कॅनबेरा इथे खुर्च्या, दिवे, पक्षी आहेत. त्यांची देखभाल उत्तम होईल, त्यांची आपण काळजी करायला नको. इंदुरात जे आहे ते जगात दुसरीकडे कुठेच नाही: 'यू' आकाराचा प्लॅन, भिंतींची जाडी, खिडकीच्या ओपनिंगचं माप, सूर्य कुठून येतो, एका खोलीतून दुसरीत जाताना किती पावलं पडतात. पॅरिसच्या प्रदर्शनाला खोलीचा एक तुकडासुद्धा नेता येत नाही. खुर्चीची खोली आपल्याकडे आहे. आणि आपण पन्नास वर्षं खुर्चीसाठी रडतोय.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती वारसाप्रेमाची कमी आणि साइट इंजिनिअरची जास्त आहे. रीतसर परवानगी घेऊन इमारतीचं मोजमाप करू या. टेप, लेव्हल, कागद. कुठल्या भिंती मूळच्या, कुठली पार्टिशनं नंतरची, जुने विजेचे पॉइंट कुठे दिसतात, डक्टच्या खुणा कुठे. ज्या खुर्च्यांत दिवे होते, त्यांच्या जागा त्या पॉइंटवरून सापडू शकतील. फोटो जे सांगत नाहीत, ते भिंत सांगेल. त्यासाठी ऑफिस हलवा, म्युझियम करा, अशी मागणी आत्ताच करायची गरज नाही. उलट गोलकोंडे शिकवतं, की वापर चालू असणं हे इमारतीचं आरोग्य आहे. तिथे रोज माणसं येतात, दिवे लागतात, छप्पर गळलं तर कुणीतरी तक्रार करतं. रिकाम्या राजवाड्यांचं काय होतं ते माळव्यात फिरणाऱ्याला सांगायला नको.

दुसरी सूचना माणसांबद्दल. ज्या इंदूरकर घरांतले आजोबा-पणजोबा माणिकबागेत इलेक्ट्रिशियन, सुतार, माळी, खानसामा, कारकून म्हणून होते, त्यांच्याकडे काही ना काही असेल: पगाराची चिठ्ठी, एखादा ग्रुप फोटो, निदान एखादी सांगीवांगी. ते आधी लिहून काढू या. महाराजांवर, म्यूथेसियसवर लिहायला जगात पुष्कळ लोक आहेत. लाल खुर्चीतला बल्ब बदलणाऱ्या माणसावर लिहायला आपल्याशिवाय कुणी नाही.

वडील आता नाहीत. खुर्च्या बघायला हव्या होत्यास असं ते म्हणाले, तेव्हा त्यांनी तरी त्या कधी पाहिल्या होत्या, हे विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्या वेळच्या इंदुरात माणिकबागेच्या फाटकातून आत जाणं सामान्य माणसाला कुठलं जमायला. मी मात्र एक्साइजच्या फाइलच्या जोरावर सरळ आत गेलो होतो. खुर्च्या नव्हत्या हे खरं, पण दार उघडं होतं. ते अजून उघडं आहे तोवर टेप घेऊन आत जाऊ या.